विहिरीपासून अकरा पावलं

दोन फुटांवर जांभा लागतो.
तिथून पुढे कुदळ नुसती वाजते,
पहारीने टिचत टिचत खाली जावं लागतं
आणि तो आवाज भर दुपारीही
परकारांच्या पडवीपर्यंत पोचतो.
म्हणून हिला म्हटलं, मिक्सर लाव.
"काय वाटू?"
"काही नको. नुसता फिरव."

मोठ्या वादळात सव्वीस दिवस वीज नव्हती.
टॉवर आडवा. एटीएम मुकं.
पेट्रोलपंपाला दोरी बांधलेली.
आंजर्ल्याच्या बाजूने एकजण सायकलवर
मेणबत्त्या घेऊन आला, पाचाची वीसला.
मी चार घेतल्या, घासाघीस न करता,
आणि पाठमोऱ्या सायकलकडे बघत
तिथेच ठरवलं.

दिवाळीनंतर भंगारातून निळं पिंप आणलं.
तळाला कोळसा, त्यावर राख,
उकडे तांदूळ दहा किलो, कडुनिंबाचा पाला घालून,
मीठ, गूळ, आगळाची बाटली.
सुका बांगडा नको म्हणाली ही, मांजर उकरेल.
बारा काडेपेट्या, एकेक मेणात बुडवून.
रेडिओ, सेल वेगळे काढून.
तीन महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या.
दहा-वीसच्याच नोटा;
तेव्हा पाचशेची मोड होती कुणाकडे?
सातबाराची झेरॉक्स.
आणि मी झाकण उचललं तेवढ्यात
हिने आत टाकला पानाचा डबा.
"हे कसलं आणीबाणीचं?"
"तुम्हाला नाही कळायचं."

एकतीस वर्षं एसटीची बेअरिंगं भरली मी.
पाणी आत कसं येतं ते मला ठाऊक आहे.
सायकलची ट्यूब ताणून बसवली, ग्रीस फिरवलं,
माती लोटली, वर मिरच्या लावल्या.
विहिरीपासून अकरा पावलं, रातांब्याकडे तोंड करून.
माझी अकरा. हिची चौदा होतात.
मुलीला फोनवर हळू आवाजात सांगितलं.
म्हणाली, बाबा, मीटरमध्ये सांगा.

वैशाखात दुसरं आलं. लहान होतं.
चार दिवस वीज गेली, पाऊस आडवा.
तिसऱ्या संध्याकाळी सकीनाभाभी दारात,
डोक्यावर इरलं, हातात झाकलेलं ताट.
"भाऊ, कोरडी काडी आहे का घरात?"
मी म्हटलं, आमच्याही सादळल्या.
खोटं नव्हतं. घरातल्या सादळल्याच होत्या.
त्या जरा थांबल्या.
"तांदळाची उकड काढून ठेवली होती दुपारीच,
गॅस संपला. तुमची चूल पेटली तर
दोन्ही घरच्या भाकऱ्या एकदम टाकू म्हटलं."
मग ताटावरचं फडकं नीट केलं
आणि चिखलातून परत गेल्या.

रात्री ही काही बोलेना.
मीच बोलत राहिलो.
पावसात झाकण काढलं असतं तर सगळंच गेलं असतं.
शिवाय ज्याच्यासाठी पुरलंय, ते हे नव्हे.
चार दिवसांची वीज म्हणजे काही ते नव्हे.
"मग ते कसं असतं?" अंधारातून ती म्हणाली.
"दार वाजवून येतं?"

मिरच्या यंदा जळजळीत झाल्या.
वाटीभर परकारांकडे दिल्या,
त्यांनी वाटी रिकामी परत केली नाही, 
आंबोशी घालून पाठवली.
पिंप तसंच आहे. उघडलं नाही.
कधी कधी पाणी शेंदताना
पावलं आपोआप मोजली जातात
आणि अकराव्याला मी वळून
दुसरीकडेच बघतो.

परवा दुपारी, जेवून पडलो होतो,
परकारांकडे मिक्सर लागला.
फिरतोय, फिरतोय. थांबेना.
भांड्यात काही असलं की आवाज जड होतो,
मशीनच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.
हा मोकळा होता.
आणि त्याच्या खालून, मध्येच,
टिच्‌.
टिच्‌.
कुदळच होती ती. जांभ्यावर.
हिने कूस बदलली.
मला वाटलं झोपेत आहे.
"जांभा कुदळीने नाही निघायचा," म्हणाली.
"जा. पहार देऊन या."