पिठावरची हाडं

कुताइसीत पहाटे साडेचारला
वडील तोने पेटवतात.
जमिनीत पुरलेली, रांजणाएवढी भट्टी.
कमरेपर्यंत आत वाकून
तिच्या अंगाला पाव थापायचे
आणि भाजून होईतो थांबायचं.

या थांबण्यात मालखाझ डॉक्टर होत होता.

आधी त्याने जागरणं करून पाहिली.
हिरव्या, पिवळ्या, गुलाबी रेघा.
पुस्तक लग्नघरासारखं सजलं,
डोकं कोरडं ठणठणीत.
नापास झाल्याचा कागद त्याने भट्टीत टाकला.
वडील म्हणाले,
कागदाच्या आचेवर पाव भाजत नाही.

मग पुस्तक गेलं वरच्या फळीवर.
पाव आत गेले की
तो ओट्यावर पीठ भुरभुरायचा
आणि बोटाने मनगट काढायचा.
आठ हाडं, एकेकाचं नाव घेत.
अडला तर अडला.
पाव बाहेर येईपर्यंत फळीकडे बघायचं नाही.
नंतर बघायचं, तळव्याने सगळं पुसायचं,
पुन्हा पहिल्यापासून.

मी नऊ वर्षांची, पाव मोजायला बसलेली.
मला लॅटिन कुठलं येतंय,
पण सात की आठ, एवढं कळायचं.
"एक राहिलं," मी म्हणायचे.
तो चिडायचा,
आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेच हाड
सगळ्यांत आधी काढायचा.

ते पीठ पुढच्या कणकेत जायचं.
बसवाल्या झुराबने,
शाळा झाडणाऱ्या मेदेयाने
न कळता त्याच्या बरगड्या खाल्ल्या,
कवटीचे सांधे खाल्ले,
आणि पैसे देऊन गेले.

फेब्रुवारीत तो आठवडाभर उठलाच नाही.
भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.
वडिलांनी हाक मारली नाही, कारण विचारलं नाही.
फक्त रोज पहाटे
ओट्याचा डावा कोपरा मोकळा ठेवला,
वर थोडं पीठ भुरभुरून.
आठव्या दिवशी त्यावर एक खांदा होता,
वाकडातिकडा.

आता तो तिबिलिसीत असतो, फोन क्वचित.
डावा कोपरा माझ्याकडे आलाय.
आज रसायनाचं एक समीकरण
काही केल्या जुळेना.
पिठात माझं बोट थबकलं,
मान आपोआप फळीकडे वळली.

वडील अर्धे भट्टीत,
पाठ माझ्याकडे.
तिथूनच म्हणाले,
"पाव अजून कच्चे आहेत."