कुंदा-४

बत्तीस फुटांवर काळा पत्थर संपला
आणि निंगाप्पानं सुरुंगाचं काम थांबवून फोन केला:
"बाई, कोळसा लागलाय काय, बघून जावा की."

कडोलीच्या वरच्या अंगाला, बटाट्याच्या रानात,
दोरीच्या शिडीनं मी विहिरीत उतरले.
दोन लाव्हांच्या मधे दबलेला
हातभर शेल.
भिजून वाळलेल्या वहीच्या पानांसारखा.
नखानं सुटत होता. जिभेला लावला,
किंचित चिकटला.
(ही खोड सायनेकर सरांची. सर गेले, खोड राहिली.)

नमुन्याच्या पिशव्या घरीच राहिल्या होत्या.
शांताक्का हुंदऱ्यांनी लेकीच्या साखरपुड्यातले
कुंद्याचे रिकामे डबे दिले, चार.
चौथ्याच्या कोपऱ्यात खव्याचा तेलकट डाग.
आत जाड कागद घातला,
नाहीतर साडेसहा कोटी वर्षांच्या कार्बनमध्ये
परवाचं दूध मिसळायचं.

टिळकवाडीत, पावडर झाल्यावर,
दगड बोलायला लागतो असं म्हणायची पद्धत आहे.
बोलत नाही. आकडे देतो,
आणि आपण रात्री दीडला त्यांच्यावर मान टाकून बसतो.

व्हॅनेडियम जास्त, क्रोमियम कमी:
तळाशी श्वास नव्हता.
युरेनियमही तेच सांगतं, जरा अडखळत.
स्ट्रॉन्शियम खाली थोडं, वर वाढत गेलेलं:
पाणी आधी गोड होतं,
मग उन्हानं आटत, काठ आत ओढत,
मचूळ.
फॉस्फरस बरा. म्हणजे वर हिरवं खूप उगवायचं,
उगवायचं, मरायचं, आणि सावकाश बुडायचं
त्या बिनहवेच्या अंधारात, जिथे
खायला कुणी यायचं नाही.

मला वाटायचं, टिकतं ते जपलेलं असतं.
तसं नाही. इथे टिकलं ते
ज्याच्यापर्यंत कुणी पोचलं नाही.
वरच्या उथळ थरात, जिथे वारा पाणी ढवळत होता,
तिथे जवळजवळ काहीच उरलं नाही.
तिथे सगळं जगून संपलं.

कुंदा-४: सेंद्रिय कार्बन दोन पूर्णांक तीन.
तीनदा मोजला, डागावर संशय होता म्हणून.
डाग निर्दोष.

मग सगळ्यात वर, बोटभर भाजलेली विटकरी रेघ.
तिच्यावर लाव्हा.
तिथे आकडे नकोत, कुणालाही कळतं.

शांताक्कांना सांगायला गेले, कोळसा नाही.
"मग काय हाय?"
तळं होतं, म्हटलं.
त्यांनी विहिरीत बघितलं, मग माझ्याकडे,
जशी मी मोजणी खात्यातून आलेय
आणि त्यांचा गट नंबर तळ्याच्या नावावर करणार आहे.
सातबारा इकडे कन्नडात येतो,
तो त्या शेजारच्या पोराकडून वाचून घेतात.
"कुणाचं तळं?"
यावर माझ्याकडे कुठलंच गुणोत्तर नव्हतं.

निंगाप्पा खालीच होता.
हाताचा तळवा शेलवर ठेवून
ताप बघावा तसा उभा.
"नीर बर्ताइदे," म्हणाला. मग माझ्यासाठी मराठीत:
"पाणी येतंय बाई. पत्थरातनं न्हाई. ह्यातनंच."

खरंच, दोन पानांच्या मधून
एक ओल सुटली होती, थेंब होण्याइतकीही नाही.
ते पाणी परवाच्या पावसाचं, मला ठाऊक आहे,
फटींतून झिरपून या थरावर अडलेलं.
शास्त्र एवढंच म्हणतं.
पण आटून, भाजून, दबून
पाणी अडवायची सवय
तळ्यानं सोडली नव्हती.

अहवालात एक रकाना असतो: जलाशयाचं नाव.
सर तिथे आडवी रेघ मारायचे.
मी पेन टेकवलं, उचललं.

गावात मात्र ठरून गेलंय.
परवा कडोलीच्या बसमध्ये कुणीतरी विचारलं,
"त्या कुंद्याच्या तळ्याच्या बाई तुम्हीच काय?"