सोळाला एक

पोस्टाच्या गाडीतून खोकं उतरलं तेव्हा
बापाचं लायसन्स जाऊन सहा आठवडे झाले होते.
ट्रक अंगणात, टायरांभोवती गवत,
किल्ली आईच्या पर्समध्ये,
आणि पर्स आईसकट डी मॉइनला, मावशीकडे.

टर्कीचा कारखाना अकरा मैलांवर. रात्रपाळी.
"आयोवात मक्याला पाइपाने पाणी मिळतं,
माणसाला बस मिळत नाही," असं वर्लिन टॉस्टेनसन म्हणायचा.
वर्लिन म्हणजे माझा बाप.

खोक्यात लहानशा कलिंगडाएवढं इंजिन,
टाकी, चेन, पिशवीभर नट,
आणि एका पानाची माहिती. ती लिहिणाऱ्याने
इंजिन कधी पाहिलं नसावं.
सायकल माझ्या काकाची, निळी, गंजलेली,
तिला कुणी विचारलं नाही.

मागच्या चाकाच्या आऱ्यांवर दातेरी चक्र बसवायचं.
नऊ बोल्ट. आऱ्या दोन रबरांच्या मध्ये.
एक आवळायचा, मग त्याच्या समोरचा,
मग परत पहिला, कारण तो तोवर सैल.
बॅटरी मी धरायची. माझं वय अकरा.
चाक फिरवलं की चक्र डुलायचं
शनिवारी रात्री घरी येणाऱ्या माणसासारखं.
हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

तिसऱ्या रात्री कुंपणापलीकडून खामफोन म्हणाला,
"चेन रडतेय."
खामफोन लाओसचा, कापणीच्या पट्ट्यावर बापाच्या शेजारी उभा राहायचा,
तिथे दोघे कधी बोलले नव्हते, यंत्रं बोलू देत नाहीत.
त्याने खिशातून खडू काढला,
फिरत्या चक्राच्या कडेला नुसता टेकवून धरला.
जिथे पांढरं उमटलं
तिथला बोल्ट अर्धा आटा सैल, समोरचा अर्धा घट्ट.
पुन्हा खडू. पुन्हा अर्धा आटा.
बारा वाजता डुलणं थांबलं.
बापाने सवयीने फ्रिज उघडला.
आत दूध होतं, आणि लोणच्याच्या काकड्या.
त्याने खामफोनला काकडी दिली.

नव्या इंजिनाला सोळाला एक:
सोळा भाग पेट्रोल, एक भाग तेल.
माझ्या खोकल्याच्या औषधाचं झाकण
बापाने डोळ्यांसमोर, दिव्याच्या उजेडात धरलं.
तेल रेघेच्या वर गेलं, थेंबभर,
तेवढा थेंब त्याने परत बाटलीत टाकला.
ओतताना रेघ बघणारा बाप
मी पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी पेडल मारत निघाला, क्लच सोडला.
फट्. चाक अडखळलं. फट्. काही नाही.
खामफोनने मागून ढकललं, चप्पल रस्त्यात राहिली,
आणि ते पेटलं.
काय आवाज! डब्यात कोंडलेल्या शंभर गांधीलमाश्या.
धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू येत होता.
मग आला नाही.

अर्ध्या तासाने बाप सायकल ढकलत आला.
चेन ताणायची चाकी आऱ्यांत घुसलेली, तीन आऱ्या तुटलेल्या,
गुडघा फुटलेला, आणि हसत होता मूर्खासारखा.
पुन्हा नऊ बोल्ट.

सप्टेंबरपासून तो तिच्यावरच जाऊ लागला.
शेरीफने दोनदा पाहिलं, दोनदा मक्याकडे बघत बसला.
नऊ चाळीसला आवाज निघायचा,
पुलापाशी पातळ व्हायचा, मग मी आठवणीने ऐकायचे.

सकाळी तो झोपला की मी प्लग काढायचे.
काळा असेल तर तेल जास्त झालं,
पांढरा असेल तर इंजिन उपाशी चाललंय,
कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक.
तपकिरी असायचा.
मग त्याच्या दाराशी जाऊन वास घ्यायचे.
पेट्रोल. नुसतं पेट्रोल.

नोव्हेंबरात एकदा काळा निघाला.
थंडीने होतं असं, कधी कधी. किंवा माप चुकलं.
त्या दिवशी मी दाराशी गेले नाही.
तारेच्या ब्रशने प्लग घासला,
हाताने, मग पान्याने आवळला,
आणि शाळेची बस पकडली.