तिघे एकच असल्याबद्दल

पीएफच्या खिडकीतली मुलगी म्हणाली,
काका, ही तीन माणसं आहेत.
मी मागं वळून बघितलं.
मागं एक बाई होती, खांद्यावर झोपलेला नातू,
बाकी कोणी नव्हतं.

खणभागातल्या टॉकीजच्या कागदावर मकदूम बाळगोंडा.
माधवनगरच्या सूतगिरणीत मगदूम बाळगौडा.
आणि शाळेनं, शाळाच ती, शुद्ध करून घेतलेला
श्री. बाळासाहेब आप्पा मगदूम.
तिघांची जन्मतारीख मात्र एक जून.
(एक जूनला आमचा अर्धा गाव जन्मलाय,
मास्तरांनी पट भरला त्या दिवशी.)
प्रतिज्ञापत्र आणा, ती म्हणाली,
तिघे एकच आहेत म्हणून.

तर बसलोय विजयनगरला, कोर्टाबाहेर,
देसिंगे टायपिस्टच्या टेबलापाशी.
लिहून देणार अमुक अमुक, वय साठ,
धंदा?
मी गप्प.
कोणाचा विचारतायत?

पहिल्याला अंधार लागायचा.
जळत्या कार्बनच्या कांड्या जुळवत
तो भोकातून बघायचा पडद्याचा फक्त उजवा कोपरा,
वरचा. तिथं ठिपका उमटला की रीळ बदलायचं.
तेरा वर्षांत एक सिनेमा पुरता बघितला नाही त्यानं.
हिरॉइन मरायची, खाली बायका रडायच्या,
याचा डोळा ठिपक्यावर.

दुसऱ्याच्या भुवईत कापूस, भाकरीत कापूस.
चात्यांच्या आवाजात ओठ वाचून बोलणारा,
घरी येऊन मीठ मागायचा तेसुद्धा ओरडून.
बायको म्हणायची, अहो, इथं मशीन नाही चालू.
गिरणीला टाळं लागलं त्या रात्री
तो उठून बसला.
म्हणाला, काहीतरी बंद पडलंय.

तिसरा परीक्षानळ्या धुवायचा.
लिटमस कुठल्या डब्यात, हे बाईंना नसायचं माहीत,
मामांना असायचं.
परवा त्यालाच शाल दिली, नारळ दिला,
आणि मुख्याध्यापक म्हणाले, आयुष्यभराची एकनिष्ठ सेवा.
मी भडंगाचा द्रोण हातात धरून ऐकत होतो.
शेंगदाणा दाढेत अडकला होता.

देसिंगे, एक चौथापण आहे, मी म्हटलं.
ते थांबले. त्याचं खातं कुठं?
कुठंच नाही.

सगळ्यांच्या आधीचा तो. दोन वर्षं,
मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीत,
मांडीत भोपळा घेऊन आतून खरवडत बसायचा.
मुबारकभाई यायचे, टिचकी मारायचे,
कान लावायचे.
अजून काढ.
काय काढू? आत तर काहीच दिसायचं नाही.
पुन्हा टिचकी, पुन्हा कान.
अजून.
बोटांची सालटी निघायची.
मग एका दुपारी टिचकी मारली आणि काही बोललेच नाहीत,
भोपळा उचलून फळीवर ठेवला
आणि दुसरा दिला.
त्या रात्री सांगलीला चालत आलो, सात-आठ मैल,
एसटीचे पैसे खिशात असून.

मग बहिणीचं लग्न निघालं.
टॉकीज साठ रुपये जास्त देत होतं.
साठ म्हणजे तेव्हा फार.

कागद नसेल तर राहू दे, देसिंगे म्हणाले,
उगाच त्रुटी काढतील.
आणि वाजवत सुटले:
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की वरील तिन्ही नावे
एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.
मीच आहे खाली दोनदा उमटलं.
पांढरं लावून एक खोडलं त्यांनी.

करा सही.
कुठली करू?
येते ती.

केली. पेन ठेवलं.
आणि बोट आपलं आपण वाकून
टेबलावर वाजलं, एकदाच.
देसिंग्यांनी चष्म्यावरून बघितलं.
काय हो?
काही नाही. सागवानी आहे का टेबल?
कुठलं सागवानी, प्लायवूड.
हां, म्हटलं,
ऐकू आलं.