कसर

मत्रहच्या सूकमागे, लोबानाच्या दुकानावर
माझी बांधणीची खोली.
ऑगस्टात खळ वाळत नाही, पुठ्ठा माणसासारखा घामेजतो.
जवादशेठ लवातींनी हातगाडीवरून पाठवले
नऊ खंड. अमेरिकेचा इतिहास.
लेखक एझ्रा थॉर्नडाइक, जन्म अठराशे तीन.
निरोप एवढाच : शिवून दे.

कोल्हापूरचे माझे उस्ताद म्हणायचे,
शिवताना वाचू नये, टाका चुकतो.
मी वाचलं.
टाके चुकले.

बाप बंदरावर दोर वळायचा.
कुणा दानशूराच्या पैशावर पोरगा जर्मनीत शिकला,
परत आला तो उंच कॉलर घालून,
शाळा काढली, बुडवली,
मग बसला लिहायला, तो पन्नास वर्षं उठलाच नाही.
म्हणजे उठला, मंत्री झाला.
सकाळी आरमाराच्या हुकमांवर सही,
रात्री स्वातंत्र्यावर प्रकरण.
शाई एकच असावी, दौत बदलत असेल.

एका हुकमाने जहाजं दक्षिणेला गेली.
त्या वर्षावर खंड नाही.
नववा खंड अलीकडेच थांबतो,
प्रस्तावनेत नम्रपणे :
माझ्या हयातीतलं इतरांनी लिहावं.

तिसऱ्या खंडाला कसर लागलेली.
गुलामांवर सगळ्या मिळून चार ओळी होत्या,
त्यांतल्या तीन किड्यांनी खाल्ल्या.
ती कसर मी कशी भरून काढू?

आणि आठव्यात, पान तीनशे बारा,
मुंगीएवढ्या अक्षरांत तळटीप :
मस्कतला गोडं पाणी आणि खजूर घेताना
एका हिंदू दुभाष्याची मदत झाली.
नाव ज्ञात नाही.

सुई तशीच ठेवून मी खिडकीशी गेलो.
खाली धक्क्यावर सुरमई उतरत होती.
कोण असेल? वेंगुर्ल्याचा? मांडवीचा कच्छी?
दुपारच्या उन्हात मध्येच उभा,
दोन्हीकडचे शब्द तोंडात घेऊन,
आणि संध्याकाळी हिशेब लिहिताना
त्यानंही गोऱ्यांचं नाव चुकीचंच लिहिलं असेल.
माझ्या बताक्यावर दिगंबरचं दिगंबार झालंय.
मी दुरुस्त करायला गेलो नाही,
रांग मोठी असते.

नवव्या खंडाच्या शेवटी
मी आठ कोरी पानं शिवली.
जवादशेठनी बोट फिरवून विचारलं, ही कशाला?
म्हटलं, पाठीला जाडी यावी म्हणून.

त्यांनी नऊ रियाल मोजले.
कोऱ्या पानांचे काही धरले नाहीत.