आधी कंदील

हरिपूरला माझे वडील हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंडावरची माती काढली, फरशी सरकवली,
तरी लगेच कुणी आत जायचं नाही.
पेव दिवसभर उघडं ठेवायचं.
मग दोरीला बांधून आधी कंदील सोडायचा.
वात विझली तर अजून थांबायचं.
पेटती राहिली, तरच माणूस.

हे आठवलं जानेवारीतल्या एका बुधवारी,
मार्केट यार्डातून
शांतवन आवळेच्या सायकलीमागून चालताना.

उपकारस्तुतीच्या सणाचे अठरा हजार चारशे.
लिलावात भोपळा नऊशेला गेला होता,
एकच कोंबडा दोनदा विकला, सगळी मंडळी हसली होती.
वही शांतवनची. खाली दुसरी सही माझी.
पेटीत निघाले सहा हजार.

पाळक म्हणाले, आधी तुम्ही एकटेच जा.
कुणाला बोलू नका. घरीसुद्धा नाही.

गेलो. चहा झाला.
तो कृष्णेच्या पाण्यावर बोलला, हळदीच्या भावावर बोलला,
नखांत पिवळी पूड, बशी हातात हलत होती.
मी तसाच परत आलो.

पुढच्या बुधवारी विचारलं.
तो म्हणाला, "तुम्ही मोजून घ्यायला पाहिजे होतं."
खरं होतं,
म्हणून राग आला.

तिसऱ्यांदा रूथबाई सकटे बरोबर आल्या,
मिरजेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या,
चाळीस वर्षं रात्रपाळीत माणसं जागवलेल्या आणि झोपवलेल्या.
पैशाचं नावच काढलं नाही त्यांनी.
विचारलं, "झोप लागते का रे?"
शांतवन बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "रमी. मोबाईलवर.
ती झोपली की."

वात थरथरली,
पण विझली नाही.

पंचांच्या बैठकीत बेंजामिन म्हणाला, पटावरून नाव काढा.
कुणी म्हणालं, बाहेर कळलं तर काय तोंड दाखवायचं.
रात्री साडेअकरापर्यंत चाललं.
ठरलं ते एवढंच:
तीन महिने प्रभुभोजन नाही, किल्ल्या नाहीत.
रविवार मात्र एकही चुकवायचा नाही,
आणि त्याच्या बाकावर, त्याच्या शेजारी
पाळीपाळीने कुणीतरी बसायचं.
बेंजामिननं पहिली पाळी स्वतःच मागून घेतली.
का, ते त्याने सांगितलं नाही.

त्या रविवारी शांतवन उभा राहिला.
कागदावर 'चूक' लिहिलं होतं,
ते खोडून वर 'चोरी'.
त्याने चोरीच वाचलं.
त्याची बायको खिडकीकडे बघत होती, बाहेर काहीच नव्हतं.

मग मला उठावं लागलं.
लागलं म्हणजे कुणी उठवलं नाही.
"दुसरी सही माझी होती," मी म्हणालो,
"अकरा वेळा केली, एकदाही मोजलं नाही.
साडेअकराची तासगावची एसटी गाठायची असायची,
नातवाला बघायला.
आणि शांतवन प्रामाणिक आहे असं म्हटलं
की माझा वेळ वाचायचा."
शेवटचं वाक्य मी लिहून आणलं नव्हतं.

महिना मलाही मिळाला.
मीच मागितला असं सांगायचा मोह होतो,
पण तो रूथबाईंनी सुचवला.

पुढच्या प्रभुभोजनाला त्याच्याशेजारी बसायची पाळी माझी.
ताट आलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं,
थोडं जास्त वेळ,
आणि माझ्याकडे दिलं.
मीही पुढे दिलं.
पलीकडच्या लहान मुलीने आमच्याकडे बघितलं,
तिलाही अजून मिळत नाही.
तिघं एका बाकावर.

वडील पेवाबद्दल पुष्कळ सांगायचे,
अंधार, वास, पायाखालची गरम हळद.
वर दोरी कोण धरायचं, ते कधी बोलले नाहीत.
मी पोरपणी पाहिलंय त्या माणसांना.
त्यांचे हात पिवळे नसायचे,
तळव्यावर नुसते वळ.

अजून दोन महिने आहेत.
दर बुधवारी शांतवन पाचशे रुपये आणून देतो,
कधी तीनशे.
मी मोजतो. त्याच्यासमोर.
मोठ्याने.