मुडदुशी

डॉक्टरच्या आधी ते इस्पेरांसला कळलं.
दुर्भाटच्या धक्क्यावर, पाटीतल्या बांगड्यांवर
मी हात ठेवला; तिनं तो ओल्या बोटांनी
बाजूला केला
आणि पानावर दोन मुडदुश्या ठेवल्या.
"पात्रांव, आतां हेंच."

बाळंतिणीचा, तापकऱ्याचा मासा तो.
आणि मी कोण? रासईच्या फेरीबोटीचं सुकाणू
एकतीस वर्षं धरलेला माणूस,
तिरफळं घातलेलं हुमण
भाताचा डोंगर फोडून दोनदा घेणारा.

घरी रत्नप्रभा काही बोलली नाही.
पेज वाढली. सुकं खारं नाही,
तोंडाला लावायला कैरीची एक फोड,
तीही पाण्यातून धुऊन.
मांजर शेजारी बसून राहिलं:
एका सरळ काट्यात त्याचं काय भागणार?

रात्री फडताळातली बरणी काढली,
मिठातल्या तोरांचा नुसता वास घ्यायला.
झाकण आधीच सैल होतं.
तिलाही रक्तदाब आहे.

ओहोटीला बोट कमी भरायची,
नाहीतर वाळूत रुतते, हे मी किती खलाशांना
ओरडून शिकवलं.
पोटाशी मात्र अजून हुज्जत घालतो.

आज इस्पेरांस धक्क्यावरच जेवत होती.
डब्यात नुसती पेज, पाण्यासारखी.
"आणि तुझे बांगडे?"
झाकण लावत म्हणाली, "विकायला."
मग पाटीकडे बघून, जरा थांबून,
"आयताराचो एक दितां.
अर्दो तुमकां, अर्दो बायलेक."